मान चळवळती: दहा गुण

थॉर्नरॉइडच्या सर्पपालक मंडळाची पहिली गुणपत्रिका एव्हरिल सग्डेननं कॅनरी पक्ष्यांच्या पुस्तिकेवरून उतरवली होती. बावीस वर्षांपूर्वी, एका शनिवारी दुपारी, आपल्याच स्वयंपाकघरात, वडिलांच्या जुन्या टाइपरायटरवर. शेजारी नवरा क्लिफर्ड सँडविच खात सूचना देत होता, आणि समोर नॉर्मन हेग चहाचा तिसरा कप संपवत प्रत्येक सूचनेला मान डोलावत होता.

कॅनरीची पुस्तिकाच का, असं बाहेरचा माणूस विचारेल. तर यॉर्कशायरमधल्या त्या खोऱ्यातल्या माणसांना एखादी गोष्ट नुसती आवडून चालत नाही. तिला शंभरातले गुण द्यावे लागतात. लीक नावाच्या जाड कांदेपातीच्या दांड्याला गुण, गूजबेरीला गुण, कबुतराला, सशाला, घरच्या केकला गुण. एव्हरिलचे वडील यॉर्कशायर जातीच्या कॅनरींचे परीक्षक होते, त्यांची पुस्तिका घरात होती, आणि तिच्यातली शंभराची वाटणी सुरेख होती. मग ‘पिसं’ खोडून ‘खवले’ केलं, ‘चोच’ खोडून ‘तोंड’ केलं, ‘पाय’ अख्खे उडवले. पायांचे गुण रंगाला दिले. अर्ध्या तासात काम झालं.

एक ओळ तशीच राहिली. ‘मान उंच, सतत चळवळती: दहा गुण.’

कॅनरीला ते शोभतं. पिंजऱ्यात मान पाडून बसलेला कॅनरी म्हणजे उद्याचा मेलेला कॅनरी. क्लिफर्ड तर म्हणाला होता, “राहू दे ती ओळ. जिवंतपणाला गुण नकोत का?” एव्हरिलनं राहू दिली. सापाला मान म्हणावं अशी मानच नसते, आणि जेवढी असते तेवढी धडधाकट साप स्थिर धरतो, हे तिघांनाही कळत होतं. आयुष्यभर साप हाताळलेली माणसं ती. पण पुस्तिका समोर असली की माणूस प्राण्याकडे बघत नाही, पुस्तिकेकडे बघतो.

पुढं रॉयल नावाच्या छोट्या अजगरांमध्ये जाळीवाले निघाले. पाठीवर काळ्या रेषांची नाजूक जाळी, बघत राहावं असं रूप. त्या जाळीबरोबर एक खोट रक्तातच येत होती. सापाला वर कुठलं आणि खाली कुठलं हे नीट उमगत नसे, त्याचं डोकं सारखं डावीकडून उजवीकडे झुलत राही. मंडळातले लोक लाडानं त्यांना ‘नाचरे’ म्हणू लागले. रंगाला पैकीच्या पैकी, आणि वर चळवळत्या मानेचे दहा. दुसरा कुठलाही साप त्यांच्यापुढे टिकेना. मग जो तो नाचऱ्यांची पैदास काढू लागला, आणि जास्त झुलणाऱ्याची जोडी जास्त झुलणाऱ्याशी लावू लागला.

एव्हरिलला हे सगळं दिसायला नऊ वर्षं लागली, आणि दिसलं ते एका पाण्याच्या वाटीमुळं. त्या वर्षीचा विजेता साप, निळी फीत अडकवलेली पेटी, आणि आत तो पाणी प्यायला बघत होता. तोंड वाटीच्या डाव्या बाजूला जायचं, मग उजव्या बाजूला, मग उलटं होऊन छताकडे. मालक कौतुकानं हसत होता. एव्हरिल तिथं उभी राहिली आणि तिला आपल्या बोटांखालची ती टाइपरायटरची बटणं आठवली. क्लिफर्डला तिनं त्या संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या बैठकीत बोलू. पुढच्या बैठकीच्या आधी त्याचं हृदय बंद पडलं. त्यानंतर बोलायला तिला किती बैठका लागल्या, याची तिची तिलाच लाज वाटे.

गेल्या ऑक्टोबरात ती एकदाची उभी राहिली. कामगार क्लबाच्या वरच्या खोलीत समितीचे पाच जण जमले होते. चिटणीस ट्रेव्हर लम, चाळिशीचा, फोनच्या दुकानात काम करणारा, कागदपत्रं चोख. नॉर्मन. दोघी क्रॅबट्री बहिणी, ज्या ट्रेव्हरचा हात वर गेला की आपले हात वर करत. आणि एव्हरिल.

“दहा गुण काढून टाका, एवढंच नाही,” ती म्हणाली. “मान स्थिर असेल तरच साप स्पर्धेत. झुलली की बाद.”

“बाद म्हणजे थेट बाद?” ट्रेव्हरनं विचारलं.

“थेट. परीक्षकानं हातात घ्यायचा, साठ आकडे मोजायचे. डोकं झुललं तर बाद.”

“एव्हरिलबाई, अर्ध्या सभासदांकडे नाचरेच आहेत. उद्या माझ्या दारात येऊन उभे राहतील सगळे.”

“राहू देत. तुझं दार भक्कम आहे.”

थोरल्या क्रॅबट्रीबाई हसल्या. नॉर्मन हसला नाही. त्याच्याकडे बारा नाचरे होते, मंडळातले सगळ्यात देखणे, आणि त्यातले काही क्लिफर्डच्या जोडीपासून आलेले. खोलीत सगळ्यांना ते माहीत होतं.

“तुझं काय म्हणणं, नॉर्मन?” एव्हरिलनं विचारलं.

“माझं काय म्हणणं असणार,” तो म्हणाला. “त्यांना उंदीर धरता येत नाही गं. हातानं भरवतो मी. मी पण मूर्ख नाही.” आणि त्यानं ट्रेव्हरच्या आधी हात वर केला.

तेवढ्यावर ती थांबली असती तर. पण इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, आणि जिंकत आल्यावर माणसाला जास्तच जोर येतो. लोक स्पर्धेत स्थिर साप आणतील आणि घरी चोरून नाचऱ्यांची पिल्लं काढतील, ही भीती तिला होती. म्हणून तिनं तिथंच कागदावर आणखी एक कलम लिहिलं आणि वाचून दाखवलं: ‘नाचरे पाळणाऱ्या सभासदाला कोणत्याही गटात प्रवेश नाही.’

आता ‘पाळणं’ हा शब्द. एव्हरिलच्या घरात, कॅनरीवाल्यांच्या त्या जुन्या पिढीत, पाळणं म्हणजे जोड्या लावणं, अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं. स्वयंपाकघरात करमणुकीला एक पक्षी टांगणाऱ्या बाईबद्दल कुणी ‘ती कॅनरी पाळते’ म्हणत नसे. ‘तिच्याकडे एक पक्षी आहे,’ म्हणत. ‘हा काय पाळतो?’ याचा अर्थ ‘हा कशाची पैदास काढतो?’ एव्हरिलला दुसरा अर्थ सुचलाच नाही. नॉर्मनलाही नाही, तो त्याच घरांतला. दोघांच्या मनात एकच होतं: आहेत ते नाचरे बिचारे आपापल्या पेटीत म्हातारे होतील, फक्त पुढं त्यांची पिल्लं होणार नाहीत.

ट्रेव्हर लमनं आयुष्यात कॅनरी पाळला नव्हता. त्यानं कलम जसंच्या तसं टिपून घेतलं.

नाताळानंतर एव्हरिलच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती दोन महिने बहिणीकडे स्कार्बरोला जाऊन राहिली. मार्चच्या प्रदर्शनाला ती थेट तिथूनच आली, हातात काठी घेऊन, परीक्षक म्हणून. थॉर्नरॉइडच्या सभागृहात लांब टेबलं मांडली होती, पेट्या रांगेनं लावल्या होत्या, कोपऱ्यात क्रॅबट्री बहिणींचा चहा आणि डुकराचं मांस भरलेल्या पेस्ट्र्या. शिवाय त्या दिवशी पाहुणे होते. उत्तरेकडच्या चौदा मंडळांच्या संघाचे लोक, लँकेस्टरच्या मिस्टर थ्रेलफॉल यांच्यासह. थॉर्नरॉइडची नवी गुणपत्रिका आवडली तर चौदाही मंडळं ती घेणार होती. चार वाजता सह्या. छापील पुस्तिकांचे गठ्ठे ट्रेव्हरनं आधीच टेबलाखाली आणून ठेवले होते.

एव्हरिल रांगेतून एकदा नुसती फिरली. एकही डोकं झुलत नव्हतं. एकही नाही. तांबडे, तपकिरी, पिवळे, सगळे साप शहाण्यासारखे वेटोळं करून बसलेले. तिला भरून आलं. क्लिफर्ड गेल्यापासून या सभागृहात पहिल्यांदा तिला बरं वाटलं, आणि ती ते बोलायला चहाच्या टेबलाकडे गेली.

“सगळे नाचरे घरी ठेवले लोकांनी,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं भांडतील.”

धाकट्या क्रॅबट्रीबाईंनी कपात दूध ओतलं. “घरी कुठले,” त्या म्हणाल्या. “घरी असले तर पाळणं झालं ना. ट्रेव्हर जानेवारीत यादी घेऊन घरोघर आला होता. पहिल्या मार्चपर्यंत मुदत.”

“मग गेले कुठं?”

“घेणार कोण ते? काहींनी दुकानात विचारलं, कुणी उभं करीना.” त्यांनी कप पुढं सरकवला. “फ्रीझरमध्ये, एव्हरिल. आमचे चारही. आम्हाला वाटलं तुला माहीत आहे. कलम तुझंच ना.”

एव्हरिलनं कप उचलला नाही. थंड रक्ताच्या जिवाला फ्रीझरमध्ये मरायला किती वेळ लागतो हे तिला ठाऊक होतं. तिनंच कधीकाळी मंडळाच्या पत्रकात लिहिलं होतं की असं करू नका, आधी शुद्ध जात नाही, रक्त गोठतं ते त्याला कळत असतं. आत्ता तिला रडू आलं नाही. मघाशी आपल्याला आनंद झाला होता, हे तिला आठवलं. हे स्थिर बसलेले साप बघून आपण खूश झालो होतो.

“एव्हरिलबाई,” ट्रेव्हरनं हाक मारली, “सुरुवात करायची का? संघाचे लोक बसलेत.”

ती टेबलाशी गेली. दुसरं काय करणार होती? एकेक पेटी समोर येत गेली, ती साप उचलत गेली, ट्रेव्हर आकडे मोजत गेला. पेट्यांत गरम पाण्याच्या पिशव्या असत, साप हातात घेतले की पावासारखे कोमट लागायचे. ती गुण सांगत होती आणि ते तिला ऐकू येत नव्हते.

मग नॉर्मनची पेटी आली. परीक्षकाला मालकाचं नाव कळू नये अशी पद्धत आहे, पण नॉर्मन दोरीपलीकडे उभा होता, आणि तो सापाकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. साप जाळीवाला होता. पाठीवरची नक्षी इतकी सुबक की मिस्टर थ्रेलफॉल खुर्ची पुढं ओढून बसले.

“जाळी असून स्थिर?” ते म्हणाले.

“तसा मालकाचा दावा आहे,” ट्रेव्हर म्हणाला. “मी त्याला सांगितलं, परीक्षकानं कार्डावर ‘स्थिर’ म्हणून सही दिली तर साप घरी ठेव.”

एव्हरिलनं साप उचलला. मादी होती, भारदस्त, आणि बर्फाच्या लादीवरून काढल्यासारखी गार.

एका क्षणात तिला सगळं कळलं. गारठलेला साप हलत नाही. नॉर्मननं मादीला इथं आणण्याआधी बर्फात ठेवलं होतं, जेवढं ठेवता येईल तेवढं, मरणार नाही एवढं. कार्ड मिळालं की ही एक तरी घरी राहील. बाकीच्या अकरांचं काय झालं ते विचारायची गरज नव्हती.

“एक, दोन, तीन,” ट्रेव्हर मोजू लागला.

खाली ठेव, ती स्वतःला म्हणाली. आत्ता ठेव. साठ कशाला मोजायचे, नजरेनंच कळतं म्हण, तुझ्या शब्दापुढं इथं कोण जाणार आहे. ठेव खाली आणि कार्डावर सही कर. पण मग हे कार्ड बघून उद्या दहा जण बर्फाच्या पेट्या घेऊन येतील. जाळीवाला स्थिर निघू शकतो असं ठरेल, पुन्हा जोड्या लागतील, पुन्हा पिल्लं, पाण्याची वाटी न सापडणारी. आणि नाही ठेवलं तर? तर हीच, ही हातातली, आज संध्याकाळी फ्रीझरमध्ये. ती या दोन्हींच्या मध्ये उभी राहिली आणि तिला काहीही ठरवता येईना.

“एकतीस, बत्तीस.”

तिचे हात गरम होते. ते पहिल्यापासूनच गरम असत. मादीच्या अंगाला ऊब लागली, खवल्यांखाली काहीतरी सैल झालं. डोकं जरा वर आलं, थबकलं, आणि डावीकडे झुकलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.

ट्रेव्हरनं मोजणं थांबवलं. “बाद?” त्यानं विचारलं.

मिस्टर थ्रेलफॉल बघत होते. संघाचे सगळे बघत होते.

“बाद,” एव्हरिल म्हणाली.

नॉर्मन तिला मागच्या दारापाशी भेटला. गाडीच्या उघड्या मागच्या भागात सहलीला नेतात तसली निळी बर्फाची पेटी होती. मादी त्याच्या मनगटाभोवती होती, आणि डोकं त्याच्या बाहीशेजारी झुलत होतं.

“अकरा?” एव्हरिलनं विचारलं.

“अकरा,” तो म्हणाला. “खाली, बायकोच्या जुन्या फ्रीझरमध्ये, ती गेल्यापासून रिकामाच होता. दोन रात्री मी खाली गेलोच नाही.”

“नॉर्मन, मला तसं म्हणायचं नव्हतं. पाळणं म्हणजे आपलं पाळणं. तुला तरी कळायला हवं होतं.”

“कळलं होतं मला. मी ट्रेव्हरला सांगितलं. तो म्हणाला, कागदावर ‘पाळणारा’ लिहिलंय आणि तुमच्या घरात बारा आहेत.” त्यानं खांदे उडवले. “तुला फोन करणार होतो. तू नुकती ऑपरेशनमधून उठलेली. म्हटलं कशाला.”

“मंडळ सोडून द्यायचंस.”

“आणि शनिवारी जायचं कुठं मी? घरात भिंतींशी बोलू?” तो हे रागानं म्हणाला नाही. “लाज वाटते मला, एव्हरिल. ते माझं मी बघेन. पण ही क्लिफर्डच्या जोडीची आहे, म्हणून म्हटलं एकदा प्रयत्न करू.”

“दे मला ती,” एव्हरिल म्हणाली. “मी नेते.”

नॉर्मननं मान हलवली. “चार वाजता चौदा मंडळं सह्या करणार आहेत. कलम लिहिणाऱ्या बाईच्या घरात नाचरी निघाली, तर दुसऱ्या दिवशी ट्रेव्हरसकट सगळे म्हणतील, सोंग होतं सगळं. जुनी पत्रिका परत येईल. दहा गुण परत येतील. मग माझे अकरा कशासाठी गेले, ते सांग मला.”

ही एक मादी एका बाजूला आणि अजून न जन्मलेली कितीतरी पिल्लं दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये तिचे हात. तिला म्हणता आलं असतं, काही होवो, दे इकडं. ते शब्द तिच्या जिभेवरच राहिले. नॉर्मननं मनगटावरून मादीला हलकेच सोडवलं, बर्फाच्या पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

“जा तू आत,” तो म्हणाला. “वाट बघत असतील.”

आत टेबलावर नवीन टेबलक्लॉथ घातला होता आणि पुस्तिका मांडल्या होत्या. एव्हरिल बसायच्या आधीच बोलली. “एक शब्द बदलायचा आहे. ‘पाळणाऱ्या’ नको. ‘पैदास काढणाऱ्या’ करा. ज्यांच्याकडे जुने साप आहेत त्यांना ठेवू दे.”

ट्रेव्हरनं गठ्ठ्याकडे बघितलं. “छापून आलंय सगळं, एव्हरिलबाई.”

“हातानं दुरुस्त करा. मी बसून करते. चौदा मंडळांच्या सगळ्या प्रतींवर करते.”

मिस्टर थ्रेलफॉल सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तिला खुर्ची दिली. “बाई, तुम्ही फार मऊ मनाच्या आहात,” ते म्हणाले. “आमच्याकडे दहा वर्षं चर्चा चालू आहे आणि एक नाचरा कमी झाला नाही. तुमच्याकडे एका हिवाळ्यात एकही उरला नाही. आज आम्ही डोळ्यांनी बघितलं. हे ज्या शब्दानं झालं तो आम्ही बदलणार नाही.”

“ते शब्दानं झालं नाही,” ती म्हणाली. “ते फ्रीझरमध्ये झालं.”

थ्रेलफॉल गंभीरपणे मान हलवून म्हणाले, ते दुःखद आहेच, कुणालाच त्यात आनंद नाही. मग त्यांनी पेन उचललं आणि सही केली, आणि कागद पुढं सरकत गेला.

कार्लाइलच्या मंडळाचा एक तरुण चिटणीस वही उघडून बसला होता. “एवढं एकच विचारतो,” तो म्हणाला, “आमच्याकडे सभासद विचारतील म्हणून. पाळणं म्हणजे नक्की काय धरायचं?”

एव्हरिल बोलायला वळली, पण ट्रेव्हर आधी बोलला, कारण त्याला ते पाठ होतं. “घरात असणं,” तो म्हणाला. “एक असला तरी.”

सगळ्यांनी ते लिहून घेतलं.